दुसरी खाच

शनिवारी ठाण्याला गेले, तर झिराडकरांचं शटर खाली.
बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली
आणि एवढं विसरले, की शनिवारी
ते कुणाचंच मशीन उघडत नाहीत, स्वतःचंही.
उद्या या, शेजारचा चावीवाला म्हणाला.

परतताना विटाव्याच्या पुलाखाली बस अडकली,
तेव्हा चिठ्ठी पुन्हा काढली.
त्यांनी फोनवर सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत:
चारच्या जोडीला चार. साडेचारशे, जुना माल, महिन्याची बोली.
चारच्या जोडीला आठ. चालेल,
पण एक पाय लांब, एक आखूड.
आठ नि आठ. अठराशे. तुमचा चार ठेवून जा, पन्नास देईन.
त्यापुढे तुमचा बोर्ड ऐकणार नाही.
आणि खाली, माझ्या अक्षरात:
की नवीनच घ्यायचं?

खालच्या मजल्यावरची तन्वी म्हणाली, काकू, क्लाउडवर ठेवा सगळं.
जमिनीचं काम गं, आभाळात कुठे ठेवू?

पदू मढवींना गावठाणाच्या दाव्यासाठी
रबाळे, गोठिवली, तळवली
एकाच कागदावर हवीत.
मशीन दोन उघडतं.
तिसऱ्याला ती चकती फिरत बसते
आणि पहिलं गाव पांढरं पडतं.

मेमरी म्हणतात, म्हणून वाटायचं गावं तिच्यात राहतात.
राहत नाहीत. ती डिस्कवर, कोठीतल्या डब्यांसारखी.
ही पट्टी म्हणजे नुसता ओटा.
मावेल तेवढं मांडायचं,
वीज गेली की पुसून कोरा.

रात्री कॅबिनेट आडवं केलं.
चार स्क्रू; पाचवा नव्हताच.
रबाळ्यातल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेलं,
'टेबल सात' अजून चिकटलेलं.
आत सात नंबरची धूळ, स्टेपलरची एक पिन,
आणि दुसरी खाच,
जिच्यात काय भरू म्हणून मी महिनाभर झुरतेय,
ती रिकामी नव्हतीच.
पट्टी होती. एका बाजूचा खटका उघडा,
करंगळीच्या नखाएवढी तिरकी,
इतकी वर्षं उभीच,
कुणी बसा म्हटलं नाही म्हणून.

झिराडकरांना एकदा करताना पाहिलं होतं.
डब्यातलं पांढरं खोडरबर घेतलं,
ज्याने बत्तीस वर्षं हद्दी खोडल्या,
आणि पट्टीचे सोनेरी दात घासले,
हलक्या हाताने, एकाच दिशेने.
काळं निघालं.
दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.
खटका आपणहून मिटला.

स्क्रीन म्हणाला: आठ.

गोठिवलीच्या शीटच्या कडेला एक अर्धी विहीर,
तळवलीच्या शीटवर एक अर्धी.
दोन्ही मीच मोजल्या होत्या,
दोन वर्षांच्या अंतराने, दोन सर्व्हे नंबरांत.
आज पहिल्यांदा गोल दिसली.
जरा सरकलेली.
साखळीभर नाही, फूटभर.
चूक कुणाची ते कळलं. सांगणार नाही.

मग हाव सुटली. घणसोली उघडून पाहिली.
चकती.

रविवारी दहाला शटर वर.
ठरलं का? झिराडकरांनी विचारलं.
म्हटलं, चार घरातच सापडले.
ते हसले नाहीत.
रबर पांढरं होतं, की शाईचं खरखरीत?
पांढरं.
मग ठीक.

आठ-आठची जोडी त्यांनी काढून ठेवलेलीच होती,
वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोन रबरबँड.
मी विचारलं, घणसोलीला किती लागतील?
केवढं आहे गाव?
आताचं, म्हटलं, की नकाशातलं?
आणि पर्सची चेन उघडून तशीच उभी राहिले,
पैसे न काढता.